लंडनचे सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट चर्च आणि स्मिथफील्डचा परिसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला जाऊन आलेले, तिथे स्थायिक झालेले आणि घरबसल्या इतिहास वाचणारे मराठी वाचक या चर्चविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन उत्तरांचा विषय एकमेकांत मिसळतो, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे चर्च लंडनमध्ये नेमके कुठे आहे?

सेंट पॉल कॅथीड्रलपासून वायव्येला चालत निघाले की साधारण दहा मिनिटांत स्मिथफील्ड लागते. उत्तरेला मांसाचा घाऊक बाजार, दक्षिणेला बार्ट्स या नावाने ओळखले जाणारे रुग्णालय आणि पूर्वेच्या अंगाला, घरांच्या रांगेमागे अर्धवट दडलेले हे चर्च, अशी मांडणी आहे. बार्बिकन आणि फॅरिंगडन ही जवळची स्थानके होत. मध्ययुगात ही जागा शहराच्या तटबंदीबाहेर होती, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांचे मूळ याच गोष्टीत आहे. गुरांचा बाजार, जत्रा, वधस्थळ, आजाऱ्यांची सोय, साथीच्या काळातले दफन, म्हणजे शहराला जे हवे होते पण वेशीच्या आत नको होते, ते सारे इथे येऊन स्थिरावले.

२. हे चर्च कोणी आणि केव्हा बांधले?

पहिल्या हेन्री राजाच्या दरबारात वावरलेल्या आणि पुढे सेंट पॉलच्या धर्मगुरूवर्गात सामील झालेल्या रेहियर याने ११२३ मध्ये येथे एक मठ आणि एक रुग्णालय अशा दोन संस्था स्थापन केल्या. मठ ऑगस्टिनियन संप्रदायाचा होता. म्हणजे तिथे राहणारे लोक धर्मगुरू असूनही नियमबद्ध सामूहिक जीवन जगत. रेहियर हाच मठाचा पहिला प्रमुख. बांधकाम पूर्व टोकाकडून सुरू झाले, कारण वेदी आणि प्रार्थनेची जागा आधी लागते, आणि ते पश्चिमेकडे सरकत पुढच्या शतकातही चालू राहिले. रुग्णालय आजही त्याच जागी चालू आहे.

३. रेहियरला स्वप्नात संताने दर्शन दिले, ही कथा कितपत खरी मानावी?

ही कथा बाराव्या शतकात मठातच लिहिल्या गेलेल्या स्थापनेच्या वृत्तान्तातून आली आहे. तिच्यानुसार रेहियर रोमच्या यात्रेत तापाने आजारी पडला, बरा झाल्यास गरिबांसाठी रुग्णालय बांधीन असा त्याने नवस केला, आणि परतीच्या वाटेवर त्याला एक भयंकर स्वप्न पडले. आठ पाय आणि दोन पंख असलेल्या एका प्राण्याने त्याला उचलून खोल दरीच्या काठावर नेले. तिथे संत बार्थोलोम्यू प्रकट झाले, त्यांनी त्याला वाचवले आणि स्मिथफील्डमध्ये आपल्या नावाचे चर्च बांधण्याची आज्ञा केली.

स्वप्नाची शहानिशा कोणी करू शकत नाही, आणि प्रत्येक मोठ्या देवस्थानाला अशी एक कथा असतेच. मात्र त्याच वृत्तान्तातली व्यवहाराची माहिती फार मोलाची आहे. ही जागा दलदलीची आणि घाणीची होती, जेवढा भाग कोरडा होता त्यावर फाशीचे खांब उभे होते, आणि रेहियरने वेड्याचे सोंग घेऊन मुलांना व नोकरचाकरांना जमवले व त्यांच्याकडून दगड गोळा करून घेतले, असे त्यात म्हटले आहे. आपल्या संस्थापकाचा गौरव करायला बसलेला लेखक चिखल, घाण आणि फाशीचे खांब उगाच रंगवणार नाही. म्हणून कथेचा हा भाग विश्वासार्ह वाटतो.

४. हे सुरुवातीपासूनच पॅरिश चर्च होते का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच मुद्द्यावर होतो. पॅरिश चर्च, म्हणजे वसईकडचा ख्रिस्ती समाज ज्याला धर्मग्रामाचे चर्च म्हणतो ते, एका ठरावीक वस्तीसाठी असते. बाप्तिस्मा, लग्न, दफन हे त्या वस्तीचे विधी तिथे होतात. स्मिथफील्डचे मोठे चर्च मात्र मठवासीयांच्या उपासनेसाठी होते. मठाच्या आवारात राहणाऱ्या सामान्य लोकांसाठी उत्तरेच्या बाजूला, मुख्य इमारतीला लागून, वेगळे लहान प्रार्थनागृह होते. म्हणजे पॅरिश मध्ययुगापासून आहे आणि इमारतही मध्ययुगीन आहे, पण ती इमारत त्या पॅरिशच्या ताब्यात आली ती मठ बंद झाल्यावर, सोळाव्या शतकात. ते कसे घडले हे प्रश्न ६ आणि ७ मध्ये पाहावे.

५. मूळ चर्चचा किती भाग आज शिल्लक आहे?

निम्म्याहून कमी, आणि हे समजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे स्मिथफील्डच्या बाजूने पायी आत येणे. रस्त्यावर प्रथम एक दगडी कमान दिसते, तिच्यावर लाकडी चौकटीचे छोटेसे घर बसवलेले आहे. कमान तेराव्या शतकातली. पाहणाऱ्याला ती फाटकाची कमान वाटते. प्रत्यक्षात ती चर्चच्या दर्शनी भागातली, दक्षिणेकडच्या बाजूच्या दालनात उघडणारी दारे होती. तिच्यातून आत गेल्यावर जी मोकळी दफनभूमी आणि पायवाट लागते, ती जागा म्हणजे एकेकाळचा लांबलचक मुख्य मंडप. त्या मंडपावर आज आकाश आहे.

पायवाट संपते तिथे सध्याच्या इमारतीचे दार येते. ही इमारत म्हणजे मूळ चर्चचा फक्त पूर्वेकडचा भाग : मठवासी ज्या जागी बसून स्तोत्रे गात तो गायनमंडप, त्याभोवतीची फेरी मारण्याची वाट, आणि मध्यवर्ती चौकाच्या कमानी. खाली जाडजूड गोल खांब, त्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी, वर सज्जाच्या मजल्यावर पुन्हा लहान कमानींची रांग, अशी ही बाराव्या शतकाची नॉर्मन रचना आहे. तिच्या पूर्वेला चौदाव्या शतकात वाढवलेले मारियामातेचे प्रार्थनागृह आहे. मठाच्या चौकाभोवतीच्या ओवऱ्यांपैकी पूर्वेच्या ओवरीचा काही भाग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परत मिळवून दुरुस्त करण्यात आला. भोजनगृह आणि बाकीच्या ओवऱ्या गेल्या.

६. मठ का बंद झाला आणि मालमत्ता कोणाकडे गेली?

आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यानंतर इंग्लंडमधले सर्व मठ टप्प्याटप्प्याने बंद करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. स्मिथफील्डच्या मठाची पाळी १५३९ मध्ये आली. या जप्त मालमत्तांचा कारभार पाहणाऱ्या शाही खात्याचा प्रमुख सर रिचर्ड रिच याने १५४४ मध्ये हजार पौंडांहून थोडी अधिक रक्कम भरून हा मठ स्वतःच विकत घेतला. ज्याच्याकडे किल्ल्या, त्यानेच कोठार घ्यावे, असा हा व्यवहार होता. मठप्रमुखाच्या वाड्यात रिच राहू लागला, आणि आवारातली जमीन पुढे त्याच्या वारसांनी घरे बांधण्यासाठी तोडून दिली. आजच्या क्लॉथ फेअर या गल्लीचा जन्म त्यातून झाला.

रिचविषयी इंग्लंडच्या इतिहासात चांगले बोलणारा माणूस शोधावा लागतो. १५३५ मध्ये राजाचा माजी मंत्री सर टॉमस मोर याला मृत्युदंड झाला तो मुख्यतः रिचच्या साक्षीवर. १५४६ मध्ये अ‍ॅन अ‍ॅस्क्यू या प्रॉटेस्टंट स्त्रीला टॉवर ऑफ लंडनमध्ये छळयंत्रावर ताणण्यात आले, तेव्हा रिच आणि लॉर्ड चॅन्सेलर यांनी स्वतःच्या हातांनी यंत्र फिरवले, असे तिने लिहून ठेवले आहे. त्यानंतर तिला स्मिथफील्डमध्ये जिवंत जाळले, म्हणजे रिचने विकत घेतलेल्या मठाच्या दारासमोर.

७. मग गायनमंडप तेवढा का वाचला?

कारण आवारात राहणाऱ्या लोकांना उपासनेसाठी जागा हवी होती आणि त्यांचा त्यावर हक्क होता. मुख्य मंडप पाडला गेला, लोकांचे ते जुने लहान प्रार्थनागृहही गेले, आणि त्याच्या बदल्यात मठवासीयांचा गायनमंडप पॅरिशला देण्यात आला. वेदी याच भागात असल्याने तो उपासनेला लगेच वापरता येण्याजोगा होता. इंग्लंडमध्ये इतरत्र अनेक ठिकाणी याच्या उलट झाले : मुख्य मंडप लोकांकडे आधीपासून होता म्हणून तो राहिला आणि पूर्वेचा भाग नष्ट झाला. स्मिथफील्डला पूर्वेचा भाग टिकला, म्हणून आज आपल्याला बाराव्या शतकातले सर्वात जुने बांधकाम पाहायला मिळते.

८. मठ पुन्हा सुरू झाला होता, असे वाचले. ते खरे आहे का?

होय, पण अगदी थोड्या काळासाठी. कॅथलिक राणी पहिली मेरी हिने १५५६ मध्ये डॉमिनिकन संप्रदायाच्या बंधूंना येथे बसवले. ती १५५८ मध्ये वारली, तिची बहीण एलिझाबेथ गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी बंधूंना जावे लागले. त्यानंतर येथे मठ झाला नाही.

९. चर्चमध्ये लोहाराची भट्टी आणि छापखाना होता, ही अतिशयोक्ती तर नाही ना?

अजिबात नाही. पॅरिश लहान आणि गरीब होती, तिला सगळी इमारत सांभाळणे शक्य नव्हते, आणि मठाची बरीच जागा खाजगी मालकीची झाली होती. त्यामुळे चर्चच्या भिंतींच्या आत आणि त्यांना चिकटून धंदे शिरले. उत्तरेच्या बाजूच्या दालनात लोहाराची भट्टी चाले. तिच्या धुराने काळवंडलेले दगड अजून दिसतात. ओवरीत घोड्यांचा तबेला होता. सज्जाच्या मजल्यावर शाळा भरे. मारियामातेच्या प्रार्थनागृहाचे आधी राहत्या घरांत रूपांतर झाले, नंतर तिथे छापखाना आला, आणि एकोणिसाव्या शतकात कापडाच्या झालरी बनवण्याचा कारखाना आला. त्या कारखान्याचा वरचा भाग चर्चच्या वेदीच्या बाजूने थेट आत घुसला होता, म्हणजे खाली उपासना आणि वर झालरी असा प्रकार होता.

छापखान्याची नोंद विशेष आहे. १७२५ मध्ये सॅम्युएल पामर या मुद्रकाच्या त्या छापखान्यात फिलाडेल्फियाहून आलेला एकोणीस वर्षांचा एक तरुण खिळे जुळवण्याचे काम करीत होता. तो बेंजामिन फ्रँकलिन.

या धंद्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण भाडे देणारे कोणीतरी आत होते म्हणून छप्पर आणि भिंती उभ्या राहिल्या, हेही विसरता येत नाही. रिकाम्या पडलेल्या दालनांचे दगड शेजाऱ्यांनी केव्हाच उचलून नेले असते.

१०. आज दिसणारे सगळे बाराव्या शतकातलेच आहे का, की नंतर बनवलेले?

मिश्रण आहे, आणि पाहताना सावध राहावे. खांब, त्यांवरच्या कमानी आणि सज्जाचा मोठा भाग मूळचा आहे. पण वेदीमागचा अर्धगोल, जो सर्वात ‘जुना’ वाटतो आणि ज्याची छायाचित्रे सर्वाधिक काढली जातात, तो एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे. मूळचा अर्धगोल पंधराव्या शतकातच काढून तिथे सरळ भिंत उभारली होती. १८६० च्या दशकात जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हा साचलेली माती काढून जमीन मूळ पातळीपर्यंत खाली नेण्यात आली. १८८० च्या दशकापासून अ‍ॅस्टन वेब या वास्तुविशारदाने काम हाती घेतले. भट्टी, कारखाना आणि शाळा यांच्या जागा एकेक करून विकत घेऊन त्याने दोन्ही बाजूंची दालने आखूड स्वरूपात नव्याने उभी केली, चकमकीच्या दगडांची नक्षी असलेले नवे दर्शनी भाग बांधले आणि १८९७ मध्ये मारियामातेचे प्रार्थनागृह पुन्हा उपासनेसाठी खुले झाले. याच वेबने पुढे बकिंगहॅम राजवाड्याची आज दिसणारी दर्शनी बाजू केली. त्याचा भाऊ एडवर्ड या चर्चचा विश्वस्त होता आणि त्याने चर्चच्या कागदपत्रांचा आयुष्यभर अभ्यास केला.

वेबने काही ठिकाणी पुराव्यापेक्षा आपल्या अभिरुचीला अधिक वाव दिला, हे खरे. तरीही जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते हे दगडाच्या रंगावरून आणि कडांच्या धारेवरून ओळखता येते, ही त्या कामाची प्रामाणिक बाजू आहे.

११. सज्जात उंचावर एक बंदिस्त खिडकी दिसते. ती कशासाठी?

ती मठप्रमुख विल्यम बोल्टन याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली. तिच्यातून त्याला आपल्या निवासाच्या बाजूने, खाली न उतरता, वेदी आणि रेहियरची कबर दोन्ही पाहता येत. खिडकीखालच्या दगडावर पिंपातून आरपार गेलेला बाण कोरला आहे. इंग्रजीत बाण आणि पिंप यांचे शब्द जोडले की बोल्टन हे आडनाव होते, आणि त्या काळच्या श्रीमंतांना आपल्या नावाचे असे कोडे कोरून घेण्याची हौस होती. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या सातव्या हेन्रीच्या प्रार्थनागृहाच्या बांधकामावर देखरेख करणारा हाच बोल्टन.

१२. आत काय काय आवर्जून पाहावे?

वेदीच्या उत्तरेला रेहियरची कबर आहे. तो ११४३ च्या सुमारास वारला, पण कबरीवरचे कोरीव छत्र आणि झोपलेली मूर्ती पंधराव्या शतकाच्या आरंभीची आहे. मूर्तीच्या पायांशी जरा वेळ थांबावे. तिथे गुडघे टेकलेले दोन लहान मठवासी पुस्तक उघडून बसले आहेत, आणि त्या पानांवर बायबलमधल्या यशया ग्रंथाच्या एकावन्नाव्या अध्यायातले, देव उजाड रानाचे नंदनवन करील या आशयाचे वचन आहे. प्रश्न ३ मधली दलदल आठवली, तर हे वचन निवडणाऱ्याची समज लक्षात येते.

दक्षिणेच्या बाजूला सर वॉल्टर मिल्डमे याचे भव्य स्मारक आहे. तो एलिझाबेथ राणीचा अर्थमंत्री होता आणि १५८४ मध्ये त्याने केंब्रिजचे इमॅन्युएल कॉलेज स्थापन केले. जवळच १६५२ मध्ये वारलेल्या एडवर्ड कुक याचा अर्धपुतळा आहे. त्याखालचा लेख वाचकाला अश्रू ढाळण्याची विनंती करतो, आणि तुमचे डोळे कोरडे असतील तर हा दगडच रडेल असे बजावतो. दमट हवेत त्या दगडावर खरोखर पाण्याचे थेंब जमत. एकोणिसाव्या शतकात चर्च गरम ठेवण्याची सोय झाली आणि दगडाचे रडणे थांबले.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचे बाप्तिस्म्याचे दगडी पात्रही पाहावे. शेजारच्या बार्थोलोम्यू क्लोजमध्ये जन्मलेल्या विल्यम होगार्थ या चित्रकाराचा बाप्तिस्मा २८ नोव्हेंबर १६९७ रोजी याच पात्रावर झाला.

१३. एवढ्या जुन्या चर्चचा मनोरा विटांचा का?

मूळचा मध्यवर्ती मनोरा राहिला नाही, आणि १६२८ मध्ये नव्याने उभारताना गरीब पॅरिशला परवडली ती वीट. आतल्या घंटा मात्र मनोऱ्याहून जुन्या आहेत. पाचही घंटा १५१० च्या सुमारास टॉमस बुलिस्डन या ओतकाराने ओतलेल्या आहेत, आणि धर्मक्रांतीपूर्वीचा असा पाच घंटांचा पूर्ण संच लंडनमध्ये दुसरा नाही.

१४. बार्थोलोम्यूची जत्रा काय होती आणि ती का बंद पडली?

आपल्याकडे ग्रामदैवताच्या उत्सवाला बाजार जोडून येतो, तसाच प्रकार इथे होता. ११३३ मध्ये पहिल्या हेन्रीने मठाला सनद देऊन संत बार्थोलोम्यूच्या सणाचा आदला दिवस, २४ ऑगस्टचा सण आणि दुसरा दिवस अशी तीन दिवसांची जत्रा भरवण्याचा अधिकार दिला. जकात आणि जागाभाडे मठाला मिळे. जत्रा मुख्यतः कापडाची होती. व्यापारी मठाच्या तटाच्या आत, चर्चच्या उत्तरेला, पाले ठोकीत. शिंप्यांच्या संघाचे लोक चांदीची गजकाठी घेऊन मापे तपासत. फिरत्या व्यापाऱ्यांचे तंटे लांबणीवर टाकून चालत नसल्याने जत्रेपुरते एक न्यायालय बसे, ते तिथल्या तिथे निकाल देई. पुढच्या काळात हे न्यायालय क्लॉथ फेअरजवळच्या ‘हँड अँड शिअर्स’ या मद्यालयात भरू लागले. त्या नावाचे मद्यालय आजही आहे, इमारत अर्थातच नंतरची.

मठ गेल्यावरही जत्रा राहिली, कारण सनदेतला हक्क मालमत्तेबरोबर रिचकडे गेला होता. हळूहळू कापड मागे पडले आणि कळसूत्री बाहुल्या, डोंबारी, हिंस्र प्राण्यांचे पिंजरे, नाटकांचे तंबू आणि डुकराचे भाजलेले मांस पुढे आले. लंडनचा महापौर स्वतः घोड्यावरून येऊन जत्रेची घोषणा करी, आणि वाटेत न्यूगेट तुरुंगापाशी थांबून तुरुंगाधिकाऱ्याने दिलेले साखर-जायफळ घातलेल्या वाइनचे झाकणदार पात्र रिते करी. १६८८ मध्ये सर जॉन शॉर्टर या महापौराने पात्राचे झाकण आपटले, त्या आवाजाने घोडा बुजला, महापौर खाली पडला आणि त्या दुखापतीतच वारला. १७५२ मध्ये इंग्लंडने दिनदर्शिका बदलली, तेव्हा जत्रा ३ सप्टेंबरवर गेली.

एकोणिसाव्या शतकात दारू, चोऱ्या आणि दंगे यांमुळे शहराचे कारभारी जत्रेला कंटाळले. त्यांनी तिच्यावर बंदी घातली नाही. तिचे हक्क विकत घेतले, भाडी वाढवली, तमाशांना परवाने नाकारले आणि तिला उपासमारीने मारले. १८५५ मध्ये ती शेवटची भरली.

१५. विल्यम वॉलेसला येथेच मारले का? आणखी कोणाला मारले?

होय. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या वॉलेसला २३ ऑगस्ट १३०५ रोजी स्मिथफील्डमध्ये हालहाल करून मारण्यात आले. रुग्णालयाच्या बाहेरच्या भिंतीवर त्याची स्मृतिशिला आहे. तारीख नीट पाहिली तर ती जत्रेच्या पहिल्या दिवसाची आहे, म्हणजे पाहणाऱ्यांची वाण नव्हती.

१५ जून १३८१ रोजी शेतकऱ्यांच्या उठावाचा नेता वॉट टायलर चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाशी येथे बोलणी करायला आला. बाचाबाची झाली, महापौर विल्यम वॉलवर्थ याने त्याला शस्त्राने जखमी केले, आणि साथीदारांनी त्याला उचलून बार्थोलोम्यूच्या रुग्णालयात नेले. वॉलवर्थने त्याला तिथून बाहेर ओढून आणवले आणि त्याचे मस्तक छाटले.

मेरी राणीच्या काळात येथे प्रॉटेस्टंट मताच्या लोकांना जाळले गेले. त्यांतला पहिला जॉन रॉजर्स हा धर्मगुरू, ४ फेब्रुवारी १५५५ रोजी. तिच्या वडिलांच्या काळातही जाळणे चालू होते (अ‍ॅन अ‍ॅस्क्यूसाठी प्रश्न ६ पाहावा). चर्चचे लोक हे पाहत होते की भाग घेत होते, असेही काही जण विचारतात. शिक्षा देणारे सरकार होते. मैदान फक्त चर्चच्या दारासमोर होते. मात्र धर्ममताचा निवाडा धर्मपीठे करीत, त्यामुळे धर्मसंस्थेला हात झटकता येत नाहीत.

१६. मांसाचा बाजार किती जुना आहे?

बाराव्या शतकात, कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट याचा चरित्रकार विल्यम फिट्झस्टीफन याने येथे दर शुक्रवारी भरणाऱ्या घोड्यांच्या बाजाराचे आणि गुराढोरांच्या विक्रीचे वर्णन केले आहे. जिवंत जनावरांचा बाजार १८५५ मध्ये, म्हणजे जत्रा संपली त्याच वर्षी, उत्तरेला इझलिंग्टनकडे हलवला गेला. त्याच्या जागी होरेस जोन्स याने आराखडा केलेली लोखंड-विटांची इमारत १८६८ मध्ये मांसविक्रीसाठी उघडली. २०२४ मध्ये शहराच्या प्रशासनाने हा बाजार कायमचा बंद करण्याचा निर्णय घेतला. व्यापाऱ्यांना काही वर्षांची मुदत आहे. शेजारची, वापरात नसलेली बाजाराची इमारत लंडनच्या शहर संग्रहालयाला मिळाली आहे.

१७. १६६६ च्या आगीत आणि दुसऱ्या महायुद्धात काय झाले?

मोठी आग चर्चपासून थोड्याच अंतरावर, गिल्टस्पर रस्त्याच्या पाय कॉर्नरपाशी थांबली. तिथे भिंतीत एका गुबगुबीत मुलाचा सोनेरी पुतळा आहे, आणि शहरावर आग आली ती खादाडपणाच्या पापामुळे, असा बोध त्याच्याखाली लिहिला होता. क्लॉथ फेअरमधले ४१-४२ क्रमांकाचे घर सतराव्या शतकाच्या आरंभीचे असून आगीतून वाचले. दुसऱ्या महायुद्धात आसपासचे मोठे भाग बेचिराख झाले, चर्च मात्र उभे राहिले.

पहिल्या महायुद्धाने उलट एक देणगी दिली. झेपेलिन या जर्मन हवाई जहाजातून जवळच पडलेल्या बाँबच्या हादऱ्याने प्रवेशकमानीवरच्या घराची कौलांची मढवणी सैल झाली आणि आतून १५९५ मधली लाकडी चौकट उघडी पडली. प्रश्न ५ मध्ये उल्लेखलेले ते हेच घर.

१८. प्लेगच्या कबरी चर्चच्या आवारात आहेत का?

वाचक ज्या कबरींविषयी विचारतात त्या थोड्या उत्तरेला, चार्टरहाउस चौकात आहेत. १३४८-४९ च्या महामारीत तिथे सामूहिक दफनभूमी केली होती. २०१३ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामात तिथे २५ सांगाडे सापडले आणि त्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचे अंश मिळाले.

१९. संत बार्थोलोम्यूचा कल्याणशी संबंध होता, हे खरे आहे का?

मुंबई-ठाण्याकडचे वाचक हा प्रश्न हमखास विचारतात. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस लिहितो की अलेक्झांड्रियाचा पँटीनस हा विद्वान ‘इंडिया’त गेला, तेव्हा तिथे बार्थोलोम्यूने आधीच धर्मप्रचार करून मॅथ्यूचे शुभवर्तमान मागे ठेवल्याचे त्याला आढळले. विसाव्या शतकातल्या काही भारतीय ख्रिस्ती इतिहासकारांनी ही जागा कल्याण आणि कोकण किनारा असावी असे मांडले, आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजात, ही परंपरा आदराने सांगितली जाते. अडचण अशी की त्या काळचे ग्रीक लेखक ‘इंडिया’ हे नाव दक्षिण अरबस्तान आणि इथिओपियाकडच्या प्रदेशालाही देत. कल्याण हे त्या काळात पश्चिमी जगाशी व्यापार करणारे बंदर होते, एवढे मात्र निर्विवाद. म्हणून ही गोष्ट अशक्य म्हणता येत नाही आणि सिद्धही म्हणता येत नाही. गोव्यात चोडण बेटावर याच संताच्या नावाचे चर्च आहे.

संताची जिवंतपणी कातडी सोलली गेली, अशी परंपरा असल्याने त्याच्या हाती सुरी दाखवतात आणि तो कातडे कमावणाऱ्यांचा पालक संत मानला जातो. रेहियरचा भक्तिभाव मात्र याच्याशी जोडलेला नव्हता. त्याची कथा प्रश्न ३ मध्ये आहे.

२०. गुड फ्रायडेला येथे पाव वाटतात, ते काय आहे?

ही गरीब विधवांना दान देण्याची जुनी चाल आहे. दफनभूमीतल्या एका सपाट थडग्यावर नाणी ठेवली जात आणि एकेका विधवेने ती उचलायची असत. १८८७ मध्ये जोशुआ बटरवर्थ याने देणगी देऊन ती टिकवली. आता विधवा मागायला येत नाहीत, म्हणून क्रूसाचे चिन्ह असलेले गोड पाव जमलेल्या सर्वांना वाटले जातात.

२१. हे लंडनमधले सर्वात जुने चर्च आहे, असे म्हणणे बरोबर आहे का?

अटी घालूनच. टॉवर ऑफ लंडनमधले सेंट जॉनचे प्रार्थनागृह अकराव्या शतकातले आहे, पण ते किल्ल्याचे आहे, वस्तीचे नाही. टॉवरजवळच्या ऑल हॅलोज चर्चमध्ये नॉर्मनांच्याही आधीची कमान उभी आहे, पण बाकीची इमारत बाँबवर्षावानंतर बरीचशी पुन्हा बांधली गेली. बाराव्या शतकातली आतली रचना इतक्या मोठ्या प्रमाणात उभी असलेले शहरातले पॅरिश चर्च म्हणाल, तर ते हेच.

२२. ‘ग्रेट’ आणि ‘लेस’ अशी दोन चर्चे का? जुन्या नोंदीत फक्त ‘सेंट बार्थोलोम्यू’ असेल, तर कोणते समजावे?

‘लेस’, म्हणजे धाकटे, हे रुग्णालयाच्या आवारातले चर्च आहे. मठ बंद पडल्यावर आठव्या हेन्रीने १५४६-४७ मध्ये रुग्णालयाची पुनर्स्थापना केली, तेव्हा रुग्णालयाचे आवार हीच एक पॅरिश ठरली. त्यामुळे फाटकाच्या आत राहणारे कर्मचारी आणि रुग्ण त्या पॅरिशचे, आणि रस्ता ओलांडला की थोरल्या चर्चची हद्द. त्याचा मनोरा पंधराव्या शतकातला, आतला भाग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात नव्याने केलेला. २०१५ मध्ये दोन्ही पॅरिश एकत्र झाल्या, म्हणून आजच्या पत्रव्यवहारात हा भेद दिसत नाही.

जुन्या नोंदींत तिसराही धोका आहे. शहराच्या मध्यभागी, एक्सचेंज या जुन्या व्यापारकेंद्राजवळ, याच संताचे आणखी एक चर्च होते. ते १६६६ मध्ये जळाले, पुन्हा बांधले गेले आणि एकोणिसाव्या शतकात पाडले गेले. म्हणून नोंदीत रस्त्याचे नाव शोधावे. क्लॉथ फेअर किंवा बार्थोलोम्यू क्लोज असेल तर थोरले. रुग्णालयाचा उल्लेख असेल तर धाकटे. सराफ, दलाल आणि एक्सचेंजचा शेजार असेल तर ते तिसरे. वास्तुविशारद इनिगो जोन्स याचा १५७३ मधला बाप्तिस्मा अनेकदा थोरल्या चर्चच्या खात्यावर लिहिला जातो, पण तो धाकट्या चर्चमध्ये झाला होता.